सोळा आणि नऊ: एकाच घरातले दोन भाऊ आणि गरिबीचा हिशेब

तुमचा प्रश्न असा आहे: "मी आणि माझा मोठा भाऊ एकाच घरात, एकाच गरिबीत वाढलो. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो १६ वर्षांचा होता, मी ९ वर्षांचा. त्याने शाळा सोडली आणि कामाला लागला. मी शिकलो, कष्ट केले, आज माझं बरं चाललंय. तो मात्र अजून कर्जात आहे. दोन चांगल्या नोकऱ्या सोडल्या, एक कर्ज फेडायला दुसरं काढलं, खिशात पैसे नसताना हप्त्यांवर महागडा मोबाईल घेतला. परिस्थिती दोघांची सारखीच होती. मग गरिबी ही शेवटी माणसाच्या स्वतःच्या निर्णयांचीच कमाई नाही का?"

गेली २२ वर्षं मी कर्जात अडकलेल्या कुटुंबांबरोबर बसून त्यांचे हिशेब मांडते. कोणाचं किती देणं आहे, कोणतं आधी फेडायचं, कोणाकडे मुदत मागायची, हेच माझं रोजचं काम. तुमच्या भावासारखी माणसं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. तुमच्यासारखे भाऊही पाहिले आहेत. ते चिडलेले असतात, कारण त्यांना आतून काळजी असते. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी "परिस्थिती सारखीच होती" या वाक्याकडे बघू. १६ आणि ९ हे दोन आकडे तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण मला वाटतं सगळी गोष्ट तिथेच आहे. आजारपण एकच, घर एकच. पण त्या वर्षी तुमच्याकडून कोणी कमाईची अपेक्षा केली नाही आणि त्याच्याकडून केली. त्याची शाळा जिथे तुटली तिथे तुमची चालू राहिली. कदाचित त्याच्याच मजुरीवर चालू राहिली असेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

वयाचा हा फरक किती खोल जातो याचा एक मोठा पुरावा आहे. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेच्या सरकारने बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांमध्ये सोडत काढली. ज्यांचा नंबर लागला त्यातल्या काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर भाड्याने घेता यावं म्हणून मदत मिळाली. सुरुवातीच्या पाहण्यांनी निराशा केली, कारण मोठ्या माणसांची कमाई काही वाढली नव्हती. पुढे राज चेट्टी, नॅथनिएल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी त्या कुटुंबांतल्या मुलांचा माग काढला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. तेराव्या वर्षाच्या आत ज्यांनी वस्ती बदलली, त्यांची पंचविशीतली कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेरा उलटल्यावर जी मुलं गेली त्यांना फायदा झाला नाही, उलट थोडा तोटाच झाला असावा. त्यांपैकी चेट्टी आणि हेंड्रन यांनी दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हाही चांगल्या भागात जो लहान वयात गेला त्याला जास्त मिळालं. म्हणजे आईबाप तेच, घर तेच, तरी संधी वेगळी. निर्णयाचा त्यात संबंधच नाही. वस्ती बदलली तेव्हा कोण किती वर्षांचा होता, एवढाच प्रश्न.

आता त्याच्या तीन "चुका". मोबाईलचं आधी उरकते, कारण त्यात फार काही नाही. आज काम मिळतं ते फोनवर, पगार जमा झाल्याचं कळतं ते फोनवर. महागडाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण मी त्याची वही बघितली असती तर मोबाईलचा हप्ता बहुधा चौथ्या-पाचव्या ओळीवर सापडला असता. लोकांच्या डोळ्यांत भरते ती हीच ओळ, कारण ती खिशात दिसते. व्याज दिसत नाही.

कर्जावर कर्ज, हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. समोर बसलेल्या बाईंना मी सवयीने विचारलं, "महिन्याला किती येतात?" त्या म्हणाल्या, "कुठल्या महिन्याला?" तोवर मी मिळकत म्हणजे दरमहा येणारा एक आकडा असंच धरून चालत होते. त्यांच्या घरात तीन महिने हात भरून पैसा यायचा, पाच महिने जेमतेम आणि बाकीचे चार जवळजवळ काहीच नाही. वर्षाची बेरीज केली तर घर चालायला हवं होतं. चालत नव्हतं, कारण भाडं दर महिन्याला होतं, शाळेचे पैसे ठरल्या तारखेला होते आणि ताप तर तारीख बघून येत नाही. मग पैसा येण्याच्या आणि पैसा लागण्याच्या तारखांमधलं अंतर भरायचं कशाने? उसनवारीने, मालकाकडून घेतलेल्या उचलीने, नाहीतर कर्जाने. एका ठिकाणचा हप्ता चुकला की दंड, दंड टाळायला दुसरीकडून कर्ज. बाहेरून बघणाऱ्याला हा बेहिशेबीपणा वाटतो. मी तो कागदावर मांडला तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाईंचं गणित माझ्यापेक्षा पक्कं होतं. कोणत्या घेणेकऱ्याला किती दिवस थांबवता येईल हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या चुकत नव्हत्या, त्या रोज सर्वांत कमी वाईट पर्याय निवडत होत्या. निवड होतीच. पण ती वाईट आणि जास्त वाईट यांच्यातली होती.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. फक्त ज्याचं अंथरूण रोज रात्री वेगळ्या मापाचं असतं, त्याने पाय कोणत्या मापाने पसरायचे?

नोकऱ्या सोडल्या, याबद्दल मी तुमच्या भावाला न भेटता काही बोलणार नाही. एवढंच सांगते, की "चांगली नोकरी का सोडली" हे विचारल्यावर मला बरेचदा ऐकू आलेली उत्तरं अशी आहेत: पगार दोन महिन्यांनी सुरू होणार होता आणि तोवर खायला नव्हतं, आई आजारी पडली आणि रजा मिळाली नाही, जायच्या-यायच्या खर्चातच निम्मा पगार जात होता. आळसही ऐकला आहे, रागाच्या भरात सोडलेलीही ऐकली आहे. पण कमी.

माझ्या मनात कायमची राहिलेली एक वही शिलाई करणाऱ्या कुटुंबाची आहे. स्वतःचं मशीन होतं, घरी काम यायचं, घर हळूहळू सावरत होतं. नवऱ्याचं ऑपरेशन निघालं आणि मशीन विकलं. नवरा बरा झाला. पण त्यानंतर ती बाई दुसऱ्याच्या मशीनवर, पूर्वीच्या निम्म्या मजुरीत तेच काम करू लागली, आणि नवं मशीन घेण्याइतकी रक्कम पुन्हा कधी साठली नाही. थोडी जमली की काहीतरी निघायचं. सहा वर्षं मी ती वही पाहत होते. हात तेच, कसब तेच, कष्ट उलट वाढलेले.

याच गोष्टीचं मोजमाप पुढे बांगलादेशात झालं. तिथे ब्रॅक या संस्थेने २००७ मध्ये अतिगरीब बायकांना गाय किंवा तशीच काही मालमत्ता आणि ती सांभाळण्याचं प्रशिक्षण दिलं. क्लेअर बाल्बोनी, ओरिआना बँडिएरा, रॉबिन बर्जेस, मैत्रीश घटक आणि अँटोन हाइल यांनी त्या कुटुंबांचा ११ वर्षांचा प्रवास तपासला. मिळालेल्या मालमत्तेने जी घरं एका विशिष्ट पातळीच्या वर गेली, ती पुढे वरच सरकत राहिली. जी त्या पातळीच्या जरा खाली राहिली, ती हळूहळू मूळ जागी परत घसरली. मदत दोघांनाही सारखीच होती. सुरुवातीला हाताशी काय होतं यात थोडासा फरक होता. जास्त चांगलं काम करण्याची कुवत नाही अशा बायका त्यांच्या हिशेबात फारच थोड्या निघाल्या. बाकीच्या गरीब राहिल्या, कारण त्या आधीपासून गरीब होत्या. शिलाई मशीनवाली बाई त्या रेषेच्या वर होती आणि एका ऑपरेशनने खाली आली, इतकंच.

अनिरुद्ध कृष्ण या अभ्यासकाने भारत, केनिया, युगांडा, पेरू आणि अमेरिका अशा पाच देशांत मिळून सुमारे ३५,००० कुटुंबांची चौकशी केली: कोण गरिबीतून बाहेर पडलं, कोण नव्याने गरिबीत गेलं आणि का. त्यांच्या कामातून मी शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वर येण्याची कारणं आणि खाली जाण्याची कारणं वेगळी असतात. खाली नेणाऱ्या कारणांत आजारपण आणि त्याचा खर्च पुन्हा पुन्हा सापडतो. त्याला जोडून समारंभांचा खर्च, चढ्या व्याजाचं कर्ज, घरातल्या कमावत्याचा मृत्यू. एकाच घरावर यातली दोन-तीन एका मागोमाग येतात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. आळस आणि व्यसन ही कारणं ज्या घरांत लागू होती ती फार थोडी. वर येण्याचं कारण बहुतेकदा मिळकतीचा आणखी एखादा मार्ग सापडणं हे होतं. त्यात मेहनत लागते, चिकाटी लागते, डोकं लागतं. म्हणून तुमचे कष्ट मी कुठेही कमी लेखत नाही. ते नसते तर तुम्ही वर आला नसता. पण तुमच्या वर येण्याचं कारण उलटं करून भावाच्या खाली राहण्याला लावता येत नाही. तुम्ही कष्टाने वर आलात, म्हणून तो कष्टाअभावी खाली राहिला, असं होत नाही.

आता दुसरी बाजू. वाईट निर्णय नसतातच असं म्हणणारी मी नाही. एका माणसाबरोबर मी तीनदा पहिल्यापासून हिशेब मांडला आणि तिन्ही वेळा साठवलेले पैसे जुगारात गेले. त्याच्या बायकोचा चेहरा मला आजही आठवतो. तिथे परिस्थितीला दोष देऊन मोकळं होणं म्हणजे तिच्यावर अन्याय करणं. पण मी सुस्थितीतल्या घरांच्याही वह्या पाहिल्या आहेत. दारू तिथेही आहे, फसलेली गुंतवणूक तिथेही आहे, गरज नसताना घेतलेली गाडी तिथेही आहे. त्या चुका पगारात जिरून जातात, किंवा वडील भरून देतात, किंवा बँक हसतमुखाने मुदत वाढवते. तीच चूक दुसऱ्या घरात मशीन विकायला लावते. माणसं सगळीकडे सारख्याच प्रमाणात चुकतात असं माझं मत आहे. चुकीला माफी कुठे आहे आणि कुठे नाही, यातला फरक मात्र आभाळाएवढा आहे.

गरिबांना पैसे दिले तर ते दारू-तंबाखूत उडवतील, ही भीती तर जगभर आहे. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशिया इथल्या १९ अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले. रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना दिसलं नाही, सरासरीने थोडा कमीच झाला होता. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात आणखी एक गोष्ट आपसूक घडली. तिथे १९९३ पासून १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास चालू होता, त्यातली सुमारे पाव मुलं आदिवासी समाजाची. अभ्यास चालू असतानाच पूर्वेकडच्या चेरोकी समाजाचा कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा समाजातल्या प्रत्येकाला विनाअट मिळू लागला. ज्या घरांची गरिबी यामुळे हटली, त्या मुलांचा हट्टीपणा, मारामाऱ्या, बेशिस्त हे प्रकार कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या बरोबरीला आले. आईबापांना मुलांकडे लक्ष द्यायला सवड मिळाली, हे त्याचं एक मोठं कारण निघालं. माणसं तीच होती. कोणी त्यांना संस्काराचे धडे दिले नव्हते. आपण ज्याला स्वभाव म्हणतो त्यातलं किती परिस्थितीचं असतं, हे मला त्या आकड्यांनी शिकवलं.

धीर धरता येत नाही म्हणून माणूस गरीब राहतो, असंही तुम्ही ऐकलं असेल. आत्ता एक मार्शमेलो (मऊ गोड खाऊ) खा किंवा थांबलास तर दोन मिळतील, हा मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा लहान मुलांवरचा प्रयोग त्यासाठी नेहमी सांगितला जातो. २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी त्यात एक बदल केला. २८ मुलांपैकी निम्म्यांना आधी शब्द पाळणारं मोठं माणूस भेटलं, निम्म्यांना शब्द मोडणारं. मग खाऊची परीक्षा घेतली. पहिली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, दुसरी ३ मिनिटं. दिलेला शब्द मोडलेला ज्याने पाहिलाय, त्याने हाती आलेलं लगेच खाणं हा शहाणपणा आहे. तुमच्या भावाने १६ व्या वर्षी काय काय मोडताना पाहिलं असेल याचा विचार करा.

गरिबीमुळे डोक्यावर येणाऱ्या ताणाचीही बरीच चर्चा होते. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची कापणीआधी, हाती पैसा नसताना, बुद्धीची चाचणी घेतली तर गुण कमी आले आणि कापणीनंतर वाढले, असं २०१३ मध्ये अनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन आणि सहकाऱ्यांना आढळलं. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर घेतलेल्या चाचण्यांत तसा फरक दिसला नाही. त्यामुळे मी या मुद्द्यावर फार भार टाकत नाही. तो न घेताही माझं म्हणणं उभं राहतं.

तुमचा प्रश्न जुना आहे, हेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्यापासून "मदतीला लायक" आणि "नालायक" गरीब वेगळे काढण्याची धडपड चालली होती. १८३४ मध्ये तर असं ठरलं की मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत खालच्या मजुरापेक्षाही वाईटच ठेवायची, म्हणजे कोणी उगाच येणार नाही. मग १८९९ मध्ये सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरात घरोघरी मोजणी केली. नुसतं शरीर धडधाकट राहील एवढ्यापुरतीच रेषा त्यांनी आखली होती. त्या रेषेवर राहणाऱ्या घराने वर्तमानपत्र घ्यायचं नाही, गाडीने प्रवास करायचा नाही, दूरगावी असलेल्या मुलाला पत्रसुद्धा पाठवायचं नाही, कारण टपालाचे पैसे त्यात बसत नाहीत. इतकी कडक रेषा धरूनही जी घरं मिळकतच कमी म्हणून तिच्या खाली होती, त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांत कारण निघालं ते एकच: कमावता माणूस रोज कामावर जात होता आणि मजुरी पुरत नव्हती. मुलाला पत्र न लिहिणं हा "योग्य निर्णय" ठरतो, तिथे निर्णयांबद्दल बोलताना आपण जरा जपून बोलावं असं मला वाटतं.

आणि देशाबाहेर नजर टाकली तर वाद जवळजवळ संपतो. अर्थतज्ज्ञ ब्रँको मिलानोविच यांच्या हिशेबाप्रमाणे जगातल्या माणसांच्या मिळकतीत जो फरक दिसतो, त्यातला निम्म्याहून जास्त भाग माणूस कोणत्या देशात राहतो यावरूनच उलगडतो. जन्माचा देश कोणी निवडून येत नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. थोडं हे, थोडं ते, असं मी म्हणत नाही. परिस्थितीचं पारडं फार जड आहे. पण माझ्यासमोर एखादं कुटुंब बसतं तेव्हा मी त्यांच्याशी फक्त निर्णयांबद्दल बोलते, कारण त्या संध्याकाळी त्यांच्या हातात तेवढंच असतं. मजुरीचे दर, दवाखान्याचा खर्च, शाळा, कर्जाचे नियम हे बदलणं त्यांच्या हातात नसतं, आपल्या सगळ्यांच्या हातात असतं. गरिबाशी बोलताना परिस्थिती आणि कायदे करताना निर्णय, अशी अदलाबदल झाली की दोन्हीकडे नुकसान होतं.

दोष देण्याचा एक अगदी व्यावहारिक तोटाही सांगते. "ही माझीच चूक" असं ज्याच्या मनावर बिंबवलेलं असतं, तो माणूस माझ्याकडे उशिरा येतो. नोटिसा न उघडता कपाटात ठेवतो. वसुलीवाल्याचा फोन उचलत नाही, बायकोला आकडा सांगत नाही, भावाकडे तर मुळीच जात नाही. सहा महिने आधी आला असता तर जे देणं मुदत मागून निभावलं असतं, ते तोवर दुप्पट झालेलं असतं. मला भेटलेल्या घरांना कर्जाने जेवढं बुडवलं, जवळपास तेवढंच शरमेने बुडवलं.

तुमच्या भावाकडे जाल तेव्हा सगळं कर्ज एकरकमी फेडून टाकायची घाई करू नका. आधी सगळी देणी एका पानावर येऊ द्यात: कोणाचं, किती, व्याज किती, तारीख कोणती. सगळ्यात चढ्या व्याजाचं देणं आधी संपवा, मग ते लहान का असेना. बाकीच्यांना हप्त्याची तारीख पैसे हाती येण्याच्या तारखेनंतर सरकवायला सांगा. लेखी मागितलं तर पुष्कळ जण ऐकतात. तो ज्या हत्याराने किंवा वाहनाने कमावतो, ते विकायची पाळी येऊ देऊ नका. तुमची मदत खर्च करायचीच असेल तर तिथे करा. आणि थोडी रक्कम, महिन्याच्या खर्चाच्या निम्मी असली तरी चालेल, आजारपणासाठी बाजूला ठेवा. कर्ज शिल्लक असतानाही ठेवा.

पहिल्याच भेटीत "एकूण किती?" असं विचारू नका, नोकऱ्यांबद्दल तर नकोच. "पैसे कोणत्या तारखेला येतात आणि कोणत्या तारखेला जातात?" एवढंच विचारा. तो लगेच बोलणार नाही. वही आणि पेन्सिल बरोबर ठेवा, कारण पहिले दोन-तीन आकडे तो खोडून पुन्हा सांगेल.